मिरगाआधीची औषधांची बेगमी

मे महिन्याच्या शेवटी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात गेलात तर घरोघरी एकच घाई दिसते. शेणी पडवीत रचल्या जातात, जळण आत येतं, मिरची कुटून बरणीत जाते, छपराची कौलं उलथीपालथी होतात. मिरीग निघाला की पुढचे तीन महिने काय लागणार, हे घरातल्या बाईला बोटांवर पाठ असतं. आणि त्याच घरात आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोनाड्यात सहाच उरलेल्या असतात.

मी गेली कित्येक वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात घोंगडी पांघरून, पायांत चिखल घेऊन माणसं येतात आणि म्हणतात, "गोळ्या संपल्या ओ परवाच. ओढ्याला पाणी होतं, म्हणून आलो नाही." मिरची संपलेली नसते. औषध संपलेलं असतं. औषधांचीही बेगमी करता येते हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. ती कशी करायची, किती करायची आणि कशाची मुळीच करायची नाही, ते सांगतो.

आधी आपल्या भागातलं संकट कसं असतं ते बघू. औषधांचा साठा म्हटलं की लोकांना युद्ध, भूकंप असलं काहीतरी आठवतं. आपल्याकडचं संकट साधं आहे: रस्ता अडतो. खानापूरच्या पश्चिमेला आमगाव, गवाळी, पास्टोली, कोंगळा, कृष्णापूर ही जंगलातली गावं पावसाळ्यात नाल्यांच्या पलीकडे राहतात. तिथल्या आजारी माणसाला आजही झोळी करून खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. निपाणी-चिकोडीकडे गेलात तर कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी असे बुटके पूल कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा फुगल्या की पाण्याखाली जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी थेट पुणे-बंगळूर हायवेवर आलं होतं. हायवेच थांबला, मग गावच्या रस्त्याची काय कथा.

तिसरा अडसर फक्त आपल्यासारख्या सीमाभागातच असतो. निपाणीचा पेशंट कोल्हापूरला जातो, अथणी-रायबागचा मिरजेला. डॉक्टर महाराष्ट्रात, घर कर्नाटकात. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि कोगनोळीच्या नाक्यावर दोन राज्यांमधली रेघ एकदम खरी झाली. वीस वर्षं ज्या डॉक्टरांकडे जात होतो ते अर्ध्या तासावर असूनही भेटेनात. त्यांनी लिहिलेली कंपनी बेळगावात मिळेना. औषध मिळत होतं, फक्त त्या नावानं मिळत नव्हतं. त्याकडे पुढे येतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच सांगायचं आहे.

किती दिवसांचं ठेवायचं? पुरानं रस्ता सहसा चार-आठ दिवस अडतो. पण गावच्या मेडिकलमध्ये गोदाम नसतं. मोठ्या बाजारपेठेतल्या होलसेलरकडून गाडी येते तेव्हा माल भरतो. रस्ता बंद झाला की ताप, जुलाब, शुगर, बीपी यांची औषधं दोन-तीन दिवसांत खाली होतात. पाणी उतरल्यावरही माल यायला दिवस लागतात. म्हणून माझा हिशेब असा: नदीकाठच्या आणि तालुक्याजवळच्या घरानं नेहमीच्या महिन्यावर पंधरा दिवसांचं जास्त ठेवावं, जंगलातल्या गावानं पूर्ण एक महिन्याचं. त्याहून जास्त नको.

गणित करून बघा. आजीला मेटफॉर्मिन ५०० दिवसाला दोन आणि अॅम्लोडिपिन ५ दिवसाला एक. ४५ दिवसांच्या झाल्या ९० आणि ४५ गोळ्या. पंधराची स्ट्रिप असेल तर सहा आणि तीन. हा जादा खर्च एकदाच येतो. पुढच्या महिन्यापासून नेहमीइतकंच घ्यायचं, फक्त नवीन स्ट्रिप खाली आणि जुनी वर. कणगीतला जुना तांदूळ आधी संपवतो, तसंच. एकदम पैसे जड जात असतील तर मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने पाच-पाच दिवसांच्या गोळ्या जास्त घ्या, मिरगाला पंधरा दिवस तयार. डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे चिठ्ठीवर तेवढे दिवस लिहून देतील.

जास्त का नको, हेही ऐका. गेल्या वर्षी एक काका बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आले. "जरा बघा की, यातल्या कुठल्या टाकायच्या." मी डबा काउंटरवर ओतला. निम्म्या गोळ्यांची मुदत संपलेली, काही सुट्या, काहींवर नावच नाही. त्यात तीन स्ट्रिपा वेगळ्या काढल्या. एक गुलाबी छपाईची, एक निळी, एक सरकारी दवाखान्यातली साधी. मोठ्या अक्षरांतली नावं तीन. पण स्ट्रिपच्या वरच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत तिन्हींवर एकच ओळ होती: टेल्मिसार्टन टॅब्लेट्स आयपी, ४० मिग्रॅ. एक मिरजेच्या डॉक्टरांची, एक बेळगावच्या, एक सरकारी. काका त्यांतल्या दोन रोज घेत होते, वेगवेगळ्या आजारांच्या समजून. "उठलं की चक्कर येते," म्हणून आणखी एक गोळी मागायला ते मुळात आले होते.

म्हणून पहिला धडा स्ट्रिप वाचण्याचा. मोठ्या अक्षरांतलं नाव कंपनीनं ठेवलेलं असतं, जसं साबणाला असतं. खरं औषध त्याच्या जवळच्या बारीक ओळीत असतं, शेवटी बहुधा 'आयपी' असतं, म्हणजे भारतीय औषधकोशाच्या मापात बसणारं. मग आकडा: ५, ४०, ५००. ही ओळ आणि हा आकडा कुठल्याही राज्यात, कुठल्याही मेडिकलमध्ये, जनऔषधी केंद्रातही चालतो. जास्त खपणाऱ्या तीनशे ब्रँडांवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही छापावा लागतो. घरातल्या पोराला फोन लावायला सांगा, घटक आणि मुदत स्क्रीनवर येते.

ही ओळ एका कार्डावर उतरवा. औषधाचं मूळ नाव, ताकद, सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर. खाली ॲलर्जी असेल तर ती, आणि मागच्या बाजूला आजार आणि ऑपरेशनं. औषधाचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहा, भाषेचा अभिमान जरा बाजूला ठेवून. आमच्या दुकानात कन्नड गिऱ्हाईक गुळिगी म्हणतं, मराठी गिऱ्हाईक गोळी म्हणतं, पण कोल्हापूरचा डॉक्टर आणि बेळगावची कन्नड नर्स दोघंही वाचतात ती स्ट्रिपवरची अक्षरं. फोटो फोनमध्ये ठेवा, पण कार्डही प्लास्टिकमध्ये घालून ठेवा. पुरात पहिली मरते ती फोनची बॅटरी. नेहमीचे डॉक्टर पलीकडे अडकले तर फोनवरून सल्ला आणि चिठ्ठी देण्याची मुभा २०२० पासून आहे, सरकारची ई-संजीवनी, म्हणजे फोनवरून डॉक्टर भेटवणारी सेवा, तीही फुकट आहे. मात्र समोरच्या डॉक्टरला हे कार्ड वाचून दाखवता आलं पाहिजे.

कुठल्या औषधांचा एकही दिवस चुकवून चालत नाही, ते आधी ओळखा, कारण पहिला पैसा तिकडे जायला हवा. फिट्सच्या गोळ्या अचानक थांबल्या तर फिट येऊ शकते. अँजिओप्लास्टी झालेल्याच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. स्टेरॉईड बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंद करायचं नसतं. काही बीपीच्या गोळ्या अशा असतात की सोडल्या की बीपी उसळी मारून वर जातं. दम्याचा पंप, इन्सुलिन, टीबीची औषधं यांतलीच. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यातून मिळतात, तिथं मे महिन्यातच बोलून ठेवा की पाऊस लागला तर काय करायचं. थायरॉईडची गोळी दोन-चार दिवस चुकली तरी सहसा काही बिघडत नाही, ती शरीरात सावकाश ओसरते. व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं तर बोलायलाच नको. संपल्या तर संपल्या.

इन्सुलिनवर जरा थांबतो, कारण तिथं आमच्याच घरात चूक झाली होती. दूधगंगेकाठी माझी आत्या राहते. २०१९ च्या पुरात वीज गेली. फ्रिजमधला गारवा जायच्या आधी तिनं हुशारीनं इन्सुलिनच्या दोन्ही बाटल्या उचलून फ्रीझरमध्ये बर्फात खोचल्या, जास्त वेळ गार राहाव्यात म्हणून. त्या गोठल्या. मग वितळल्या. दिसायला जशाच्या तशा. ती टोचत राहिली आणि शुगर उतरेना. तिला वाटलं काळजीनं वाढली असेल. मी औषधं विकणारा माणूस, पण हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं: गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही, ते टाकूनच द्यायचं. न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवायची. बर्फाच्या कप्प्याला तिचा स्पर्शही नको.

आता दुसरी बाजू. फोडलेली बाटली घरातल्या साध्या हवेत, ऊन न लागता, साधारण चार आठवडे चालते. नेमके दिवस आणि किती अंशांखाली ठेवायची ते डब्यातल्या कागदावर असतं. म्हणून बाटली फोडली त्या दिवसाची तारीख लेबलावर पेनानं लिहा. वीज नसताना मडकं उपयोगी पडतं. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मध्ये ओली वाळू, आतल्या मडक्यात कोरड्या डबीत बाटली. पाण्याची वाफ होताना ती उष्णता ओढून घेते आणि आतलं गार होतं. हे अथणीच्या एप्रिलमध्ये झकास चालतं, कारण तिथली हवा कोरडी. खानापूरच्या जुलैत हवेतच एवढं पाणी असतं की वाफ फारशी होत नाही, मडकं नावालाच गार होतं. पण तिथं तेव्हा हवा मुळातच थंड असते, त्यामुळे चालू बाटली सावलीत ठेवली तरी पुरे. एकाच जिल्ह्यात दोन हवामानं आहेत, आणि औषध ठेवायच्या रीतीही दोन.

सिरिंजचंही सांगतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या येतात: एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट. चाळीसवाल्याची सिरिंज लाल टोपणाची, शंभरवाल्याची केशरी. पुरात मिळेल ती सिरिंज उचलली आणि शंभरचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं '२०' च्या रेघेपर्यंत ओढलं, तर पोटात २० नाही, ५० युनिट गेले. माणूस बेशुद्ध पडायला तेवढं बास. उलट झालं तर २० ऐवजी ८. म्हणून बेगमीत बाटलीबरोबर त्याच जोडीच्या सिरिंजाही मोजून ठेवा, आणि शुगर उतरली तर हाताशी साखर किंवा गूळ असू द्या.

आता सगळ्या घरासाठीचा डबा. यात फार काही लागत नाही, आणि दुकानात मिळणाऱ्या तयार फर्स्ट एड पेटीतलं निम्मं सामान कधी उघडलंही जात नाही.

सगळ्यात आधी ओआरएस. पूर ओसरताना विहिरीत गढूळ पाणी शिरतं आणि जुलाब येतात, ते पुराइतकेच ठरलेले. मोठं पाकीट साधारण वीस-बावीस ग्रॅमचं आणि एक लिटर पाण्यासाठी असतं. लोक ते एका पेल्यात ओततात, पोरगं खारट म्हणून थुंकतं, आणि घट्ट पाणी तसंच प्यायलं तर उलट जास्त त्रास. आपल्या तांब्यात किती मावतं ते एकदा बाटलीबंद पाण्याची एक लिटरची बाटली ओतून बघा आणि बाहेरून खूण करून ठेवा. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चौघांच्या घरात दहा पाकिटं असावीत असं मी सांगतो. आशाताईंकडून लहान मुलांसाठी ती फुकट मिळतात, झिंकच्या गोळ्यांसकट. सहा महिन्यांवरच्या मुलाला जुलाब लागले की झिंक २० मिग्रॅ रोज, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. आणि टेट्रापॅकमधलं गोड रंगीत पाणी म्हणजे ओआरएस नव्हे. अशा पेयांनी नावात 'ओआरएस' वापरायचं नाही, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं, ते उगाच नाही.

पाणी उकळणं हेच सगळ्यात भरवशाचं; खळखळून उकळी आली की मिनिटभर चालू द्या. जळण ओलं असेल त्या दिवसांसाठी क्लोरिनच्या गोळ्या. एक गोळी किती लिटरला ते पाकिटावर बघा, कंपनीगणिक बदलतं. गढूळ पाणी आधी चार पदरी लुगड्यातून गाळायचं, नाहीतर क्लोरिन गाळावरच खर्ची पडतो.

तापासाठी पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५०, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, आणि दिवसभरात चार ग्रॅमच्या वर कधीही नाही. म्हातारी माणसं, लिव्हरचा आजार असलेले, रोज पिणारे यांनी त्याच्या बऱ्याच आत राहायचं, डॉक्टरांना विचारून. एक पक्कं लक्षात ठेवा: सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, म्हणजे सर्दीची एक आणि तापाची एक घेतली की डबल. मुलांचं वजनावर: किलोमागे १० ते १५ मिग्रॅ. सिरप दोन ताकदींचं मिळतं, ५ मिलिला १२० आणि २५०. बारा किलोच्या पोराला १८० मिग्रॅ हवं तर पहिल्याचं साडेसात मिली, दुसऱ्याचं साडेतीनच्या जरा वर. "मागच्या वेळी दीड चमचा दिला होता" हे ऐकलं की माझ्या छातीत धस्स होतं. चमचा चहाचा, आमटीचा की बाटलीबरोबरचा?

अंगदुखीच्या जोरदार गोळ्या, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन वगैरे, पावसाळ्यातल्या तापात घेऊ नका. तो डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढू शकतो, लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून लागणारा ताप, असला तर किडनीवर ताण येतो. रोपलावणीच्या चिखलात उभं राहिलेल्या माणसाला ताप आणि पोटऱ्यांत ठणका असेल तर डब्यात हात घालू नका, दवाखाना गाठा. निमेसुलाईड बारा वर्षांखालच्या मुलांना आपल्या देशात बंदच आहे. मुलांच्या खोकल्याच्या सिरपची बेगमीही नको. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात दूषित सिरपनं कोवळी पोरं गेली, आणि पाच वर्षांखाली त्याची बहुधा गरजही नसते.

जखमेसाठी गॉज, रोलर पट्ट्या, चिकटपट्टी, पोविडोन आयोडिनचं मलम, एक क्रेप बँडेज, हातमोज्यांच्या दोन-चार जोड्या, कात्री. कापूस थेट जखमेवर लावू नका, त्याचे तंतू आत अडकतात. धुऊन इस्त्री करून पिशवीत ठेवलेलं आजीचं जुनं सुती लुगडं गॉजपेक्षा फार मागे नाही. रक्त येत असेल तर घट्ट दाबून दहा मिनिटं धरा, आणि मधे मधे उचलून बघू नका. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी, बाकी हळद, टूथपेस्ट, शाई काही नाही.

अँटिबायोटिक ठेवा का, हा प्रश्न रोज येतो. माझं उत्तर नाही असंच आहे, आणि यात माझं दुकानाचं नुकसान आहे हे मलाही कळतं. स्ट्रिपवर लाल उभी रेघ असते ती याचसाठी. साधा विषाणूचा ताप त्यानं उतरत नाही, अर्धवट कोर्सनं जंतू निगरगट्ट होतात, आणि दिवस जातात तो तोटा वेगळाच. डॉक्टरांनी एखाद्या पेशंटला ठरवून, लिहून, घरी ठेवायला सांगितलं असेल तर गोष्ट निराळी.

साप. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आहेत, आणि पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की घरात येतात. त्यावर घरच्या डब्यात ठेवण्यासारखं काहीच नाही. प्रतिविष शिरेतून द्यावं लागतं, त्याचीच ॲलर्जी येऊन माणूस कोसळू शकतो, म्हणून ते दवाखान्यातच. डब्यात ठेवायचं ते म्हणजे रुंद पट्टी आणि दोन सपाट काठ्या: मोडलेल्या हाडाला बांधतो तसा हात-पाय सैलसर बांधून हलू न देण्यासाठी. करकचून दोरी नको, ब्लेड नको, चोखणं नको. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा आणि निघा. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. कर्नाटकानं फेब्रुवारी २०२४ पासून सर्पदंशाची नोंद सक्तीची केली आहे. पावसाळ्याआधी एक फोन करून विचारा, आपल्या जवळच्या कुठल्या दवाखान्यात प्रतिविष आणि ते द्यायला माणूस, दोन्ही असतं. कुत्रं चावलं तरी तसंच: पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुणं घरचं, लस दवाखान्यातली.

डायलिसिसवाल्याची आणि दिवस भरत आलेल्या बाईची बेगमी डब्यात होत नाही. त्यांनी पाऊस लागायच्या आधी तालुक्याच्या ठिकाणी पाहुण्यांकडे जावं. मानापमान नंतर बघता येतात.

डबा कुठे ठेवायचा? लोक चुलीवरच्या फळीवर ठेवतात, कोरडं राहतं म्हणून. तिथं वाफ आणि धग दोन्ही लागते. बहुतेक स्ट्रिपांवर '३० अंशांखाली, ओलाव्यापासून दूर' असं काहीतरी लिहिलेलं असतं. खानापुरात मीठ पाघळतं आणि काडी पेटत नाही त्या दिवसांत ॲस्पिरिनची सुटी गोळी हुंगून बघा: व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ओलाव्यानं ती फुटायला लागली. असा वास आलेली गोळी टाकून द्या. तेव्हा गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरू नका. घट्ट झाकणाचा डबा, आतल्या भिंतीच्या कपाटात, पोरांच्या हाताच्या वर, आणि पूररेषेच्याही वर. नव्या बुटांच्या खोक्यातल्या त्या पांढऱ्या पुड्या टाकू नका, डब्यात घाला, पण पोरांच्या हाती लागू देऊ नका.

मुदतीबद्दल दोन शब्द. ०८/२०२६ लिहिलं असेल तर ३१ ऑगस्टपर्यंत चालतं. मुदतीनंतर गोळीचं लगेच विष होतं असंही नाही. अमेरिकन लष्करानं सीलबंद साठा तपासला तेव्हा बहुतेक औषधं मुदतीनंतरही वर्षानुवर्षं टिकलेली निघाली. पण तो साठा नीट थंड कोरड्या जागी, न फोडलेला होता. तुमचा कोनाडा तसा नाही. इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब, सिरप, जिभेखालच्या हृदयविकाराच्या गोळ्या आणि फिट्सची औषधं यांत तर मुदतीशी खेळूच नका. आणि आम्ही मेडिकलवाले स्ट्रिप कापतो तेव्हा मुदत छापलेला तुकडा बहुधा आमच्याकडे राहतो. न लाजता सांगा, "तारखेच्या बाजूनं द्या." नाही जमलं तर आमच्याच पेनानं लिहून घ्या.

वर्षातून दोनदा डबा रिकामा करून बघायचा: एकदा मिरगाआधी, एकदा दिवाळीच्या साफसफाईत. एरवी विसरायला होतं.

आत्याच्या घरी आता दोन मडकी पडवीत असतात. एकात लोणचं मुरतं, दुसऱ्यात वाळू आहे. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यावर तिनं नातवाकडून खडूनं मोठी फुली मारून घेतली आहे, आणि या मे महिन्यात तिचा फोन आला तो तक्रारीचाच होता: "तू त्या केशरी टोपणाच्या सुया पाठवल्यास. माझी बाटली चाळीसची आहे. लाल पाठव."